हाताचा दाब

४ फेब्रुवारी
लिही सूनबाई — आज माझ्या पोटच्या पोरानं माझ्या डोळ्यात खुपसलं! डोळ्यांच्या दवाखान्यात, आत बसवायच्या भिंगाची मापं घ्यायला तोच बसतो. माझा उजवा मोतीबिंदू इतका पिकलेला, की नव्या यंत्राचा उजेड आत शिरेना. मग थेंब टाकून डोळा बधिर केला आणि पेनासारखी कांडी बुबुळावर टेकवली. टेकवली कसली, दाबलीच! "हलू नकोस गं आई." म्हटलं, "अरे, डोळा आहे, दारावरची बेल नाही!"

११ फेब्रुवारी
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी आहे. जेवण, झोप, कंटाळा.

१२ फेब्रुवारी
पट्टी निघाली. हात जवळ धरला तर रेषा न रेषा दिसते. समोरची इमारत मात्र भिजलेल्या कागदासारखी.

सूनबाई औषध घालायला वाकली. तोंड वीतभर अंतरावर. जबड्याखाली चार ठसे, हिरवे-पिवळे. पलीकडे पाचवा, अंगठ्याचा.

"कपाटाचं दार लागलं, आई."

कपाटाला बोटं कधी फुटली? तीन वर्षं हेच ऐकत आले — दार, नळ, फरशी. आणि वर तिलाच धांदरट म्हणून चिडवायचे. मी!

"हे नका ना लिहायला लावू." लिही म्हणते ना!

२० फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्याचं माप पुन्हा घेतलं, उजेडाच्या यंत्रावर. ते डोळ्याला शिवतसुद्धा नाही. म्हणाल्या, "आजी, मोजताना डोळा दाबला गेला की लांबी कमी भरते. मग भिंग जास्त जोराचं बसतं. जवळचं दिसतं, लांबचं नाही. कोणी मोजलं होतं?"

"आमच्या दिवट्यानंच. हात फार जड हो त्याचा. घरी विचारा!"

सगळे हसले. तो सोडून.

संध्याकाळी माझ्या विनोदाचा मार सूनबाईनं खाल्ला. डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज — एकदा. मग पुन्हा. मी मध्ये पडले तर उचलून सोफ्यावर फेकलं मला. वर म्हणतो, "डोळा सांभाळ!" तिच्या कानातून रक्त आलं. या पानावरचा डाग शाईचा नाही.

"माहेरी जा," म्हटलं. म्हणाली, "तिथून दोनदा ओढत आणलंय त्यांनी."

३ मार्च
डावा डोळाही झाला. तो तेवढा पिकला नव्हता, उजेडावर मोजता आला. मोजणारी मुलगी दुसरी होती. लख्ख! पलीकडच्या गच्चीवरच्या कावळ्याची चोच दिसते. आमच्या दारात उभं राहिलं की जिना थेट तळापर्यंत दिसतो, खालच्या पायरीचा उडालेला टवकासुद्धा.

९ मार्च
अक्षर वाकडं आलं असेल. ती डाव्या हातानं लिहितेय.

त्याला ही वही सापडली. वाचली. तिची उजवी बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं. "लिही आता!" म्हणाला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. बोटांचा. तिचा नव्हे. ती ओरडलीच नाही.

जाताना म्हणाला, "पुढच्या वेळी डावी."

१२ मार्च
तो जिन्यावरून पडला. माझा धक्का लागून. उजवं मनगट मोडलं, खुबा मोडला. महिनोन्‌महिने उठायचा नाही म्हणतात.

शेजारी हळहळले. डॉक्टरीणबाईंचा तर चेहरा उतरला. "आजी, तुमच्या दोन डोळ्यांत फरक पडलाय ना, म्हणून अंतराचा अंदाज चुकला. आमचंच माप चुकलं." माझा हात हातात घेऊन बसल्या. मीही डोळे पुसले. थेंब घातलेच होते.

१३ मार्च
"आई, हे खरंच लिहू?"

लिही. दोन्ही हातांनी ढकलला. सोळा पायऱ्या. अक्षर येत नसलं तरी सोळापर्यंत मोजता येतं मला — आदल्या दिवशीच मोजल्या होत्या.