उणे सहा हजार एकशे पाच दिवसांचे वास्तव्य

प्रति,
मा. वास्तव्य पडताळणी अधिकारी,
नागरिकत्व विभाग, घाटावरचे कार्यालय, दुसरा मजला.

विषय : पत्नी या देशाची नागरिक असल्याने नागरिकत्व मिळणेबाबत, निदान अर्जदार येथे राहतो एवढे तरी मान्य होणेबाबत.

संदर्भ : (१) आपले नकाराचे पत्र. (२) पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या सकाळी ९.१० च्या खेपेत, नदीच्या मधोमध, आपण दिलेला तोंडी सल्ला.

महोदय,

सविनय निवेदन असे की, अर्जदार हा घाटावरील फेरीबोटीचा चालक असून, वय एक्केचाळीस, गेली अकरा वर्षे सासऱ्यांच्या घरी राहतो. नदी ही सरहद्द असल्याने पलीकडचा काठ परदेशात मोडतो. अर्जदार दिवसाला आठ खेपा करतो व प्रत्येक खेपेला दहा मिनिटांत परत येतो.

१. नागरिकाशी लग्न केलेल्याने अर्जापूर्वी तीन वर्षे देशात सलग राहिले पाहिजे, ही अट अर्जदारास शिरसावंद्य आहे. मात्र आपल्या कार्यालयाने बाहेर जाण्याचा प्रत्येक शिक्का म्हणजे एक दिवस गैरहजेरी धरली. रोजच्या आठ खेपा, वर्षाचे तीनशे कामाचे दिवस, अशा तीन वर्षांत अर्जदार ७,२०० दिवस गैरहजर ठरला. तीन वर्षांचे दिवसच १,०९५ असल्याने पत्रात ‘एकूण वास्तव्य : उणे ६,१०५ दिवस’ असे नमूद आहे. वजाबाकी अर्जदाराने दोनदा तपासली, बरोबर आहे. या हिशेबाने अर्जदार या देशात अद्याप पोहोचलेलाच नाही.

२. यात चूक अर्जदाराचीच आहे. घाटावरचे शिक्केवाले काका पहिल्या दिवसापासून सांगत होते, “अहो जावईबापू, तुम्हाला कसला शिक्का? जा की तसेच!” परंतु परक्या देशात नियमाने वागावे म्हणून अर्जदाराने हट्टाने प्रत्येक खेपेला शिक्का मारून घेतला. काकांचे मनगट त्यापायी कायमचे दुखावले. शिक्का चुकवणारे दोन भाजीवाले मागील वर्षी विनासायास नागरिक झाले. त्यांचे अभिनंदन.

३. ‘जावईबापू’ हे नाव अर्जदारास घरजावई असल्यामुळे पडले. सासरेबुवा अकरा वर्षे रोज म्हणत आले, “कधी बघावं तर घरातच!” आपले पत्र त्यांना वाचून दाखवले असता ते म्हणाले, “राहत नाही, तर मग माझी आरामखुर्ची मोडली कोणी?” तरी अर्जदार राहत नसल्यास सर्व टोमणे आपल्या आदेशाने परत घेतले जावेत, आणि राहत असल्यास नागरिकत्व मिळावे. दोन्हीकडून मार खायला अर्जदार काही मृदंग नाही.

४. वास्तव्य शाबीत न झाल्याने अर्जदाराचा येथे राहण्याचा परवाना महिनाअखेर संपतो व त्याने ‘मूळ देशात’ परतावे, असे पत्रात म्हटले आहे. मूळ देश म्हणजे समोरचा काठ. आई-वडील गेल्यावर तिथले घर विकले. तेथे ओळखीचे असे सध्या फक्त आपणच आहात, कारण भाडे स्वस्त म्हणून आपण व कार्यालयातील अकराही कारकून पलीकडेच राहता. आपण जन्माने नागरिक असल्याने आपल्याला वास्तव्याची अट नाही, हे योग्यच आहे.

५. अर्जदाराची पत्नी शिवणकाम करते. पत्र आल्यापासून ती मशीनवर बसते, पण पायडल मारत नाही. काल एवढेच म्हणाली, “तिकडे तुझ्या खिडकीत दिवा लागला की मला इथून दिसेल ना रे?” या मुद्द्यावर अर्जदारास अधिक लिहिता येत नाही.

६. आपला तोंडी सल्ला असा होता : “आधी तीन वर्षं एका जागी बसून दाखव, मग बोल.” तो मान्य आहे. शनिवारी संध्याकाळच्या खेपेने आपणास सुखरूप घरी सोडून अर्जदार परत येईल आणि सोमवारपासून बोट अलीकडच्या काठाला बांधून बसेल. घाटावर बोट ही एकच असून ती चालवण्याचा दुसरा परवाना सासरेबुवांकडे आहे, पण मोतीबिंदूमुळे त्यांना आता नदी दिसत नाही. पूल सत्तर किलोमीटरवर आहे.

७. नियम २१ प्रमाणे फेरविचाराचा निकाल आपण कार्यालयात येऊन स्वतःच्या सहीनेच द्यावयाचा असून, तोवर अर्जदारास देशाबाहेर काढता येत नाही. हा अर्ज फेरविचारासाठीच आहे. सही शनिवारपर्यंत झाल्यास उत्तमच. न झाल्यास आपण सोयीने यावे, अर्जदाराला तीन वर्षे तरी घाई नाही.

पडताळणीची अडचण येऊ नये म्हणून अर्जदार रोज सकाळी ९.१० वाजता, आपल्याला पलीकडून स्पष्ट दिसेल अशा पायरीवर, पत्नीसह वास्तव्य करीत बसेल. आपण हात हलवल्यास अर्जदारही हलवील.

दोन्ही काठांवरून आपला नम्र,
(सही)
फेरीबोट चालक
गुरुवार, शेवटच्या खेपेनंतर

सोबत : शिक्क्यांनी भरलेले पासपोर्ट, दोन पोती. शिक्केवाले काकांचा मनगटाबाबत डॉक्टरी दाखला. मोडलेल्या आरामखुर्चीचा एक पाय, वास्तव्याचा पुरावा म्हणून (काम झाल्यावर परत मिळावा, सासरेबुवा रोज विचारतात).