रजिस्टरातली दोन नावं

चंडीगड, २० फेब्रुवारी १९८९

प्रिय सुनेत्रा,

मी खुशाल आहे. पंजाबातल्या अतिरेक्यांबद्दल पेपरात येतं ते सगळं मनावर घेत बसू नकोस. आपल्या हेरंबचा खोकला गेला का?

काल बसने संघोलला जाऊन आलो. शेतांच्या मधोमध विटांचा जुना स्तूप आहे, जमिनीवर आडव्या टाकलेल्या चाकासारखा. चिटपाखरू नाही, अगदी तुला आवडते तशी जागा. वाटेत बस दोनदा थांबवून झडती घेतली, एवढंच. तू मात्र इतक्यात इकडे यायचं काढू नकोस.

तिथले राखणदार करतारसिंग यांनी रजिस्टर पुढे केलं. पितळखोऱ्याची लेणी पाहिली तेव्हापासूनची आपली सवय, एकटा असूनही मी दोघांचीही नावं लिहिली.

शेवटची बस चारची. निघालो, तर रजिस्टरातली दोन नावं बघून ते फाटक लावेनात. "बहनजी अंदर रह गईं, साब! अंधेरे से पहले निकलना है," म्हणाले, आणि मी काही सांगायच्या आत काठी घेऊन "सुनेत्राजी! सुनेत्राजी!" अशा हाका मारत आत गेले.

त्यांना थांबवायला हवं होतं. पण मी इकडे आल्यापासून सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तुझं नाव मोठ्यांदा घेत होतं. मी फाटकाशी उभा राहिलो, आणि खरं सांगतो, तुझी ओ येते का म्हणून कान देऊन ऐकत होतो.

तुझाच,
रघुनाथ