रक्ताला थंड पाणी

४ ऑगस्ट
ठमीच्या घोट्यावर लाल टिपके दिसले. मोज्याच्या काठाच्या जरा वर. इलॅस्टिकच असणार — मेले हे मोजे, दोन धुण्यांत आवळतात! सैल जोड आणायला हवेत.
त्या आजारपणाला सव्वादोन वर्षं झाली, लेकीचं रक्त जागेवर आहे. रोज सकाळी तिचे हातपाय तपासायचे मी, तेही तिच्या हट्टापायी बंद केलं. साप साप म्हणून भुई धोपटत बसायचं नाही, ठरवलंय.

६ ऑगस्ट
मोजे आणले. दोन जोड.

१३ ऑगस्ट
सूर्य आज कुठून उगवला कोण जाणे! सोळा वर्षांची ही घोडी कालपर्यंत ओला टॉवेल पलंगावर फेकायची, आता आठवडाभर स्वतःची चादर, उशीचा अभ्रा स्वतः धुतेय. नवरा म्हणाला, "तुझी गादी चालवणार बघ."
चालवेलही. धुलाईच्या दुकानात अठरा वर्षं मी डागांच्या टेबलावर आहे — शाई, गंज, तेल, रक्त. घरीही तेच शिकवलं. दोरीवरचा अभ्रा निरखून पाहिला. एक ठिपका नाही! मालकाला दाखवावा असा. शाबासकी दिली तर हसली नाही. या वयात आईची शाबासकीही टोचते म्हणे.

१९ ऑगस्ट
ऊन दाखवायला म्हणून तिची उशी काढली. अभ्रा उतरवला तर उशीवर तपकिरी कडं, बशीएवढं. त्याच्यावर दुसरं. तिसरं.
चहा सांडला असेल, असं वाटून घ्यायला किती आवडलं असतं. पण जुनं रक्त मी झोपेतसुद्धा ओळखेन.
अभ्रा धुतला, उशी राहिली. नवशिक्यांची चूक. दुकानात नव्या पोरींना मी हेच ओरडून सांगते — वरचं काय धुता, खाली काय झिरपलंय ते बघा!
शाळेतून आल्यावर विचारलं. "नाकातून येतं. थोडंसंच. डागाला थंड पाणी लावते, मग मीठ." माझेच धडे मला ऐकवत होती. बाही वर केली तर दंड काळानिळा. मी नको नको ते बोलले. लबाड म्हणाले. ती पायांकडे बघत उभी राहिली.

२० ऑगस्ट
प्लेटलेट सहा हजार. दीड लाख तरी लागतात.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर पुन्हा स्वतःच्याच पेशी मारायला लागलंय. "दोन आठवडे आधी आणायला हवी होती. आता डोक्यात रक्तस्राव होऊ नये, एवढंच बघायचं."
एवढंच!
पुन्हा स्टिरॉइड. मागच्या वेळी तोंड सुजलं तेव्हा वर्गात 'फुगा' म्हणायचे तिला. आठवडाभर रडली होती. आज गोळ्या मुकाट्याने गिळल्या. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

२२ ऑगस्ट
डोकं दुखतंय म्हणाली. लगेच स्कॅन. मेंदूत रक्ताचा राईएवढा ठिपका आहे. वाढला तर — पुढचं वाक्य बाईंनी पुरं केलंच नाही.
नर्सने चादर बदलली. जुनीवर नाकातलं रक्त होतं. माझा हात आपसूक मीठ शोधायला लागला. इथे कुणाला काय त्याचं! गोळा करून गरम पाण्याच्या मशीनला नेली. डाग कायमचा बसणार आता.
नवरा बाहेरच्या बाकावर बसून आहे. सारखं म्हणतो, "आपल्याला कळलं कसं नाही गं?" मी म्हटलं, "लपवलं तिने."

२३ ऑगस्ट
अकरा हजार. ठिपका तेवढाच. देवा, तेवढाच राहू दे.

२४ ऑगस्ट
ठिपका वाढलेला नाही. धोका टळला असं कुणी म्हणत नाही.
आज विचारलंच तिला — का नाही सांगितलंस मला? खरंच गोंधळली पोर.
"तुला माहीत होतं ना, आई? टिपके बघितलेस. मग काही न बोलता सैल मोजे आणून दिलेस. मला वाटलं, आपलं ठरलंय... बोलायचं नाही."
नाही, असं मला म्हणता आलं नाही.