वर्गात जोडलेले हात

बाबा, तुमच्याबद्दल या वयात मला काही नवीन कळेल असं वाटलं नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या गोष्टी संपल्या असंच मी धरून चालले होते. आई सांगायची तेवढ्या सांगून तीही गेली. आणि गेल्या आठवड्यात तलावाच्या पाळीवर एका म्हाताऱ्या माणसानं मला असं काही सांगितलं की मी तिथंच, ओल्या मातीत, मटकन खाली बसले.

तुम्ही जिथं मास्तर होतात त्याच शाळेत मी मुख्याध्यापिका होऊन आले आहे. कौलं जाऊन आता वर स्लॅब आहे, मैदानाला भिंत आहे, आणि मागचं मोहाचं झाड तसंच आहे. आमच्याकडे एक तरुण सर आहेत, याच गावातले, तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरातले. खो-खोचा संघ त्यांनी उभा केला. ज्या पोरी वर्गात तोंड उघडत नव्हत्या त्या आता तालुक्याला जाऊन जिंकून येतात. खेळ सुरू व्हायच्या आधी सर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकतात, मातीला हात लावतात आणि देवीची प्रार्थना मोठ्यानं म्हणतात. आधी एकटेच म्हणायचे. मग एक पोरगी बसली, मग दोन, आणि दिवाळीनंतर मी पाहते तर अख्खा संघ गोल करून हात जोडून बसलेला.

मी बोलणारच होते, तेवढ्यात एक आई ऑफिसात आली. आपल्यातलीच, रोवणी-कापणीच्या कामाला जाणारी. तिची पोर संघातली सगळ्यात चपळ. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, आमच्या घरी बुद्धवंदना होते. माही पोरगी ग्राउंडवर देवीले हात जोडून राह्यली. काऊन?" मी सरांना बोलावलं. सर म्हणाले, "मी कोणाले बस म्हटलं नाई, मॅडम. आमचे लोक पाण्यात उतराच्या आधी हात जोडते, तसा मी जोडतो. इचारा तिले." पोरीला बोलावलं. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "सर काई म्हणत नाई. पण टीम सरच काढते ना. सगळ्या बसल्या आन् मी एकटी उभी राह्यली, तं मले भेव वाटते."

सर खरंच हादरले होते. त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण मला थांबता आलं नाही. तुम्हाला माहीत आहे माझं. मी चौथीत असताना, मेंदूच्या हिवतापातून उठून नुकतीच शाळेत आले होते. परीक्षेचा पेपर हातात आला आणि मी डोळे मिटून त्रिशरण पुटपुटू लागले. तुम्ही बाकाजवळ येऊन उभे. "डोळे उघड. हे घरी. शाळेत नाई." सगळा वर्ग बघत होता. तुमचा आवाज थरथरत होता आणि मला वाटलं, रागानं. त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी नोकरी केली. एका शाळेत ऑफिसमध्ये सत्यनारायण घालायचं निघालं, मी नाही म्हटलं. दुसऱ्या शाळेत आपल्याच लोकांनी वर्गात वंदना घ्या म्हटलं, तेव्हाही नाही म्हटलं. दोन्हीकडची बोलणी खाल्ली. तेच मी सरांना ऐकवलं, जरा तोऱ्यातच. म्हटलं, "याच शाळेत माझे बाबा मास्तर होते. त्यांनी पोटच्या पोरीला वर्गात हात जोडू दिले नाहीत."

सर हळूच म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून नका घेऊ. पण गुरुजीनं स्वतः जोडले होते. वर्गात, पोरांसमोर. माहे बाबा होते त्या वर्गात." मी म्हटलं, "शक्य नाही." माझा आवाज इतका चढला की बाहेरची पोरं खिडकीशी आली. ती आईही बघतच राहिली. सर एवढंच म्हणाले, "इचारा त्याईले."

शाळा सुटल्यावर मी तडक तलावावर गेले. सरांचे बाबा पाळीवर जाळं सुकत घालत होते. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील, पण उन्हानं पार रापलेले. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. "गुरुजीची पोरगी. तुमी वाचल्या तवा आमाले शाळेत गूळ भेटला होता." मी विचारलं तसं त्यांनी जाळं खाली ठेवलं.

"तुमी गडचिरोलीच्या दवाखान्यात होत्या. गुरुजी दिवसा शाळा करे आन् संध्याकाळी सायकल घेऊन तिकडं जाय. एक दिवस गणित सांगता सांगता थांबले. भिताडाकडे तोंड केलं, हात जोडले आन् जोरजोरानं म्हणाले लागले, बुद्धं सरणं गच्छामि. रडत होते बाई. मास्तर रडते हे आमी पाह्यलंच नव्हतं. मंग आमी सगळ्याईनं हात जोडले. आमाले काय समजते त्यातलं. मंग रोजचंच झालं, ते म्हणत तसं आमी म्हणो."

मी विचारलं, "मनापासून?"

ते हसले. "खरं सांगू? पयल्या दिवशी भेव वाटलं म्हणून जोडले. दुसऱ्या दिवशी मनानं जोडले."

दवाखान्यात तुम्ही संध्याकाळी यायचात ते मला अजून दिसतं. शर्टाच्या बाहीवर खडूची भुकटी, वैनगंगेच्या पुलावरच्या वाऱ्यानं विस्कटलेले केस. तुम्ही खाटेशी बसता, माझ्या पायाला हात लावून ताप बघता, आणि आईला म्हणता, "हे औषधानंच बरं होणार, दुसरं काई नाई." आणि त्याच दिवशी दुपारी तुम्ही ढिवरांच्या, कुणब्यांच्या, गोंडांच्या पोरांसमोर माझ्यासाठी आकांत करून आला होतात. मी खाली बसले ती तेव्हा. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"तुमी बऱ्या झाल्या न, तवा गुरुजीनं गूळ वाटला आन् आमाले म्हणाले, मी चुकलो रे. माह्या दुःखात मी तुमाले वढलं, तुमाले इचारलं नाई. आता इथी असं कोणीच करणार नाई, मी बी नाई. आमी तं भांबावलो. मास्तर पोराईची माफी मागते का कुठी?"

बाबा, माझ्या परीक्षेचा दिवस त्यानंतरचा. म्हणजे तुम्ही जन्मजात तसे कठोर नव्हतात. मी आयुष्यभर तुमचं तत्त्व म्हणून मिरवलं, ते तुम्ही पोरांचे जोडलेले हात बघून, घाबरून, शिकला होतात. आणि बाकाजवळचा तो थरथरता आवाज रागाचा नव्हता. हे मला कुणीच कसं सांगितलं नाही? आईला तरी माहीत होतं का?

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, माफीसकट. माफीची ती गोष्ट त्यांच्या बाबांनी त्यांना कधी सांगितली नव्हती. त्यांनी विचारलं, "मंग मी देवाचं नावच नाई घ्याचं का?" मी म्हटलं, "घ्या. पण पोरी यायच्या आधी, एकट्यानं. त्या आल्या की तुम्ही त्यांचे सर." ते चिडले. "परिपाठात प्रार्थना होतेच ना?" असंही म्हणाले, आणि तडक निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्या पोरींना उभं करून त्यांनी सांगितलं, की टीम पळण्यावर ठरते, प्रार्थनेला बसण्यावर नाई. त्या पोरीचं नाव त्यांनी पहिलं घेतलं. काही पालक माझ्यावर रागावले आहेत, वर तक्रार करू म्हणतात. करोत.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. सरांना मी ठणकावून सांगितलं, की माझ्या बाबांचं चुकलंच होतं, त्यांनी स्वतः कबूल केलं होतं. ते खरंच आहे. पण बाबा, तुम्ही माझ्यासाठी ती चूक केलीत याचा मला इतका आनंद झाला आहे, की मी तो कुणालाच सांगितलेला नाही.