‘दिन कलला’ची चाल

कोल्हापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय रूथ हिस,
देवदानदादाचा प्रभूमध्ये सलाम.

इकडे सगळं ठीक. सगळं म्हणजे मी, दुसरं आहे कोण? गुडघे कुरकुरतात, पण मंडळीची पेटी वाजवायला गुडघे लागत नाहीत. श्रीशैलरावांना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद. कबनूरला पाऊस लांबला म्हणे. इथंही दिवाळीपर्यंत चिखल होता.

माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून कागद. परवा शाहूपुरीत श्रीशैलराव भेटले, मागाचे सुटे भाग घ्यायला आले होते. चहा पाजला त्यांनी मला. म्हणाले, “पावणं, लिवून बघा. फोन ती घेणार न्हाई, पण आलेला कागद फाडत न्हाई.” माणूस चांगला आहे. हे मी चाळीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं असं तुला वाटेल, तर ते आता राहू दे.

बातमी अशी की आपली उपासनेची जुनी गीतं पुन्हा जिवंत झाली आहेत. मेली कधी होती ते मला कोणी कळवलं नव्हतं. आपल्या चर्चच्या मंडळीतला आदर्श, त्या बिल्डिंग बांधणाऱ्या थोरातांचा धाकटा, त्यानं शाहूपुरीत टायरच्या दुकानावर स्टुडिओ टाकलाय. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा फोम, आत मिणमिणते निळे दिवे, आणि तिथं बसून हा पोरगा वारसा जपतो. जुनी गीतं नवीन वाद्यांवर घेतो आणि यूट्यूबवर टाकतो. एका गीतासाठी रंकाळ्यावर ड्रोन उडवला. गीत आहे वाळवंटातल्या तहानेचं आणि मागं अख्खा तलाव दिसतोय! ‘आमेन’ तर असं लांबवतात की गिरणीचा पट्टा निसटल्यासारखं वाटतं. गाणारी मुलगी पुण्याहून आणलेली. तिला ‘क्रूस’ म्हणता येत नाही, ‘क्रुज’ म्हणते.

प्रकाशनाला मोठा मांडव. मंडळीच्या पंचकमिटीचे अध्यक्ष आता सम्राट. तोच, जो प्लॉट विकतो आणि नाताळ सोडून गीतपुस्तक हातात धरत नाही. तो माईकवर म्हणाला, “आपला वारसा आता ग्लोबल झाला.” टाळ्या. मी मागच्या खुर्चीवर बसून लाडू खाल्ला. लाडू बरा होता.

चिमणाबाई गेल्या. तुला कळलं असेल की नाही कोण जाणे. गेल्या महिन्यात गेल्या. बाबांच्या गायकगणात तुझ्या शेजारी उभ्या राहायच्या त्याच. शेवटपर्यंत आवाज तसाच, विहिरीत बादली सोडल्यासारखा. त्यांच्या मातीबद्दल सविस्तर लिहायचंय, पण त्याआधी दुसरं एक सांगायला हवं. ते सांगायचं टाळून मी ड्रोन आणि लाडू लिहीत बसलोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. लहानपणापासून तुला माझं हे कळायचं.

झालं असं. मार्चमध्ये आदर्श घरी आला. वायरी, माईक, गळ्यात हेडफोन. म्हणाला, “अंकल, ‘दिन कलला’ची ओरिजिनल चाल कुणालाच येत न्हाई. चिमणाआज्जी आजारी हायत. आता तुम्हीच राहिलाय.”

मी विचारलं, “तुला पेटीवर काळी चार कुठली ते माहीत हाय का?”

“सॉफ्टवेअर करतं की ते, अंकल.”

मला एवढा संताप आला रूथ, की मी मनाशी ठरवलं, याला खरी चाल द्यायचीच नाही. ती मोटेसारखी कण्हत चालणारी, पण बाबांची, बाबांच्या बाबांची. या फोमच्या खोलीत ती जायची नाही. वाट्टेल ते वाजवून देतो, कोणाला कळणार आहे? आणि वाट्टेल ते वाजवायला गेलो, तर बोटं तुझ्या चालीवर गेली.

‘दिन कलला हा, मेंढपाळा,
दमले कोकरू, उचलुनी घे.’

सोळा वर्षांची होतीस. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तू ती चाल बांधलीस. ‘उचलुनी’वर सूर खाली न नेता वर नेलास, जसं खरंच कोणी कोकरू उचलतंय. चिमणाबाई पीठ मागायला आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मी बाहेर पेटी पुसत होतो. बाबा आत आले आणि म्हणाले, “गीताला हात लावायचा न्हाई. ही काय तमाशातली गवळण हाय?” तू पुन्हा कधी ती म्हटली नाहीस. पाच वर्षांनी धर्माबाहेर, श्रीशैलरावांशी लग्न केलंस, मंडळीनं तुझं नाव यादीतून कमी केलं, आणि तू मला म्हणालीस, “मंडळीच्या त्या पेटीवर बसतोस तोवर माझ्या दारात येऊ नकोस.” पेटी मी सोडली नाही, म्हणून दारात आलो नाही. यात मोठेपणा नाही, हट्ट आहे, तुझ्याएवढाच.

तर मी आदर्शला तुझी चाल वाजवून दिली आणि सांगितलं, “ही शंभर वर्षांची.” त्यानं मान डोलावली. मी मनात हसलो. मूर्ख, म्हटलं, शेंडाबुडखा कळत नाही आणि चालला वारसा जपायला.

मग ते गीत बाहेर आलं. बाकीची गीतं लोकांनी एकदा बघून सोडली. हे मात्र पसरलं. मिरजेच्या मंडळीत म्हणतात, इचलकरंजीत म्हणतात. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणतात रूथ! नळावर बायका गुणगुणतात. आपल्या रविवारच्या शाळेतली पोरं गात पळतात. आणि यूट्यूबवर गीताखाली लिहिलंय, ‘पारंपरिक’.

चिमणाबाईंनी ते दवाखान्यात भाचीच्या मोबाइलवर ऐकलं. मी भेटायला गेलो तर माझा हात धरून म्हणाल्या, “काय रं चोरट्या! ही आपल्या रूथीची चाल न्हवं?”

मी म्हटलं, “व्हय.”

खूप हसल्या. खोकला लागेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या मातीला हीच म्हणा. ती जुनी रडकी नगं.”

आता मातीबद्दल. तुला माहीत नसेल, पण अलीकडे आपल्याकडच्या मातीला कोणी गात नाही. आम्ही तीन-चार म्हातारे कसंबसं एक कडवं ओढतो, बाकीचे घड्याळ बघतात. त्या दिवशीही मी तीच तयारी करून गेलो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी सूर दिला, आणि बघतो तर सगळी दफनभूमी गायला लागली. खांदा दिलेली पोरं, कडेवर मूल घेतलेल्या सुना, बाजूच्या गल्लीतल्या बायका. पुस्तक कोणाच्याच हातात नाही. ‘उचलुनी’ला सगळे मिळून वर गेले. पन्नास वर्षं गातोय, पहिल्यांदा ओळ चुकलो, आणि कोणाला कळलंही नाही, कारण त्यांना माझी गरज नव्हती.

फाटकापाशी आदर्श भेटला. नाक पुसत होता. म्हणाला, “अंकल, शंभर वर्षांमागं ही चाल कुणी बांधली असंल हो?”

“माझ्या भणीनं. आमच्या स्वयंपाकघरात. मी तुला फसवलं.”

मला वाटलं, आता हा भांडेल, किंवा हसण्यावारी नेईल. त्यानं रुमाल खिशात घातला. मग म्हणाला, “त्या हायत का?”

“हाय की. कबनूरला.”

“मग त्यांचं नाव लिवायला पाहिजे. पारंपरिक लिवलंय त्ये खोटं झालं की.”

मला त्याचा रागच आला. कारण त्याला तुच्छ लेखण्याची एवढी चांगली सोय होती, ती त्यानं दोन वाक्यांत काढून घेतली. त्याला अजून काळी चार कळत नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

गोष्ट पंचकमिटीत गेली. सम्राट खुर्चीत मागं रेलून म्हणाला, “काका, मंडळीतनं नाव कमी झालेल्या बाईचं नाव उपासनेच्या गीताला? लोकांत काय संदेश जाईल? पारंपरिक हाय ते बरं हाय.”

मी म्हटलं, “ती जित्ती हाय. पारंपरिक व्हायला तिला अजून येळ हाय.”

कोणी हसलं नाही. ही माणसं हसायलाही ठराव मांडतात. ठरलं असं, की नाव घातलं तर हे गीत उपासनेत म्हणायचं नाही. आदर्श उठला आणि म्हणाला, “स्टुडिओ माझा हाय, कमिटीचा न्हाई.” बापाच्या पैशाचा असला तरी वाक्य चांगलं होतं.

कालच्या रविवारी फळ्यावर गीतांचे आकडे होते, नाव अजून घातलेलं नाही, तरी त्यात हे नव्हतं. सम्राट पुढच्या बाकावर, नवीन जाकीट. दानाची थैली फिरायला लागली तशी मागून बायकांच्या बाकावरून कोणीतरी ‘दिन कलला’ सुरू केलं. कोणी ते मला दिसलं नाही. दुसरीनं उचललं, मग सगळा बाक, मग सगळं उपासनामंदिर. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी भाता ओढला आणि पट्टी धरली. सम्राट मोबाइल काढून बघत बसला. शेवटचं कडवं झालं तेव्हा पाळकसाहेब उभे होते. त्यांनी ‘बसा’ म्हटलं नाही, ‘थांबा’ही म्हटलं नाही.

म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहिलेलं नाही आणि तुला परत बोलवायलाही नाही. ज्या मंडळीत सम्राट अध्यक्ष आहे तिथं तुला मी कुठल्या तोंडानं बोलावू? फक्त तुला विचारल्याशिवाय तुझी वस्तू मी चारचौघांत वाटली, ते तुला माझ्याकडूनच कळावं. एखाद्या दिवशी नळावर तुझीच चाल तुझ्या कानावर पडावी आणि तू घागर धरून तिथंच उभी राहावीस, हे मला सहन होईना. कदाचित तसं झालंही असेल. झालं असेल तर तेव्हा तुला काय वाटलं, ते मला कधीच सांगू नकोस. किंवा सांग.

आदर्श विचारतोय, नाव कुठलं घालू? बाबांनी ठेवलेलं रूथ, की तुझ्या सासूबाईंनी ठेवलेलं शांभवी? मी त्याला म्हटलं, मला तो अधिकार नाही. दोन्ही घाल म्हणालीस तर दोन्ही घालेल. नको म्हणालीस तर घालणार नाही. पण तेव्हा ‘पारंपरिक’ही काढायला लावतो, ती जागा रिकामी राहू दे.

उत्तर कार्डावर दिलंस तरी चालेल. नुसतं नाव लिही, बाकी मजकूर नको.

आणि एक. त्या दिवशी मी बाहेर पेटी पुसत होतो असं वर लिहिलंय. पुसत नव्हतो. फडकं हातात होतं, पण मी आवाज न करता पट्ट्यांवर तुझ्या मागोमाग बोटं फिरवत होतो. म्हणून ती मला अजून येते.

तुझ्यामागे सूर धरणारा,
देवदान