शिवलेली पानं

पिंप्राळा, जळगाव
१२ नोव्हेंबर १९८८

चि. द्रौपदास,
आधारभाऊचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. मुलगा गेल्यापासून सून एकदाही रडली नाही, एका घरात राहून आमचं बोलणं होत नाही, असं त्या लिहितात. जिवाला घोर लागला म्हणून दोन कादंबऱ्या पाठवतोय. दोन्हींना यंदा बक्षिसं आहेत आणि आमच्या वाचनालयात त्यांवरून रोज भांडणं.

धरणात बुडालेल्या गावाची आहे ती आधी वाच. अशी बांधणी अलीकडे कुणाला जमलेली नाही. दुसरी नर्सबाईची. मध्ये जरा रेंगाळते, पण माणसं जिवंत. तिच्यातली काही पानं शिवलेली दिसतील, ती तशीच राहू दे. त्यांच्यावाचून गोष्टीचं काही अडत नाही.

पोटभर जेवत जा. लोभ आहेच.
तुझा
आधार

धुळे
३ डिसेंबर १९८८

ती. आधारभाऊस,
शि. सा. नमस्कार वि. वि. पुस्तकं पोचली. धरणाची कादंबरी तू म्हणतोस तशीच, भाषाही चोख. पण लेखक टेकडीवर उभा राहून गाव बघतो, मला तिथे बसायला जागा मिळाली नाही. नर्सबाईची ढिसाळ आहे, तरी तीच सरस. पटत नसेल तर भांडायला धुळ्याला ये.

शिवलेली पानं मी अर्थातच उसवली. टाके वहिनीचे, लगेच ओळखले. भाऊ, नर्सबाईचा नवरा मरतो तेवढीच पानं तुम्ही शिवलीत, आणि कादंबरी आहे ती तिथेच. ती बाई नवऱ्याच्या फोटोशी भांडते. छातीत दुखत होतं तर बोलला का नाहीत, विचारते. मलाही ह्यांचा असाच राग येत होता. गेलेल्या माणसावर रागावणारी मी कसली बायको, म्हणून तोंड मिटून बसले होते. वाचता वाचता रडू फुटलं. सासूबाई धावत आल्या, तर त्यांनाही ती पानं वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "माले बी त्याना राग येस, बेटी." मग दोघी मनसोक्त रडलो आणि एका ताटात जेवलो.

तुझी माया कळते रे. पण हे गेल्यापासून तुझ्या एकाही पत्रात ह्यांचं नाव नाही. मी नाव घेत नाही ती रीत म्हणून, तुझा तर तो बालमित्र. पुस्तक परत पाठवतेय. वाच.

वहिनीला नमस्कार. माया कर, टाके घालू नकोस.
तुझी
द्रौपदा

पिंप्राळा, जळगाव
२० डिसेंबर १९८८

चि. द्रौपदास,
अनेक आशीर्वाद. नर्सबाईचीच सरस, कबूल. वाचनालयात तसं सांगून आलो, कुणी ऐकलं नाही.

ती पानं मीही वाचली नव्हती. त्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीला पुस्तक मिटलं आणि तुझ्या वहिनीकडे सुईदोरा मागितला. काल तिला शेजारी बसवून वाचली. तिनंच मध्ये पाणी आणून दिलं.

रविवारी पहिल्या गाडीनं येतो. सासूबाईंना सांग, राग मलाही येतो. हिलाल मला सोडून कधी सिनेमालासुद्धा गेला नव्हता.

तुझा
आधार