तिसरा उंदीर

४ फेब्रु., मंगळ.
इमेजिंग मशिनवर. तीन उंदरांना काल रंग टोचलेला. मी बनवलेला रंग फक्त कॅन्सरच्या गाठीला चिकटून चमकायला हवा, बाकी अंग काळं. पडद्यावर गाठी राहिल्या बाजूला, तिघांची पोटंच पेटलेली. गाइड सरांनी पडदा बघितला. म्हणाले, रंग भलतीकडेच जातोय, विषय बदल. पीएचडीत तीन वर्षं घातलीत. बदलणार नाही म्हटलं, तोंडावर.

५ फेब्रु.
रंग न टोचलेला चौथा उंदीर मशिनमध्ये ठेवला. त्याचंही पोट पेटलं. म्हणजे चोर दुसराच. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात हिरवी काडी सापडली. उंदरांची खोली दत्तूमामा सांभाळतात. जोतिबाच्या पायथ्याहून गाडीवर येतात, घरी दोन म्हशी. विचारलं, तर लपवलं नाही.
"कोरडं खाऊन कटाळली हुती की बिचारी. म्हशींचा लसूणघास मूठभर टाकत हुतो रोज."
हिरवा पालाही मशिनच्या त्याच उजेडात चमकतो. शेतकऱ्याची पोरगी मी, मला सुचू नये? मामांवर ओरडायला गेले आणि हसूच आलं.
सरांना सांगितलं, खाण्यात चूक झाली, लक्ष माझं नव्हतं. मामांचं नाव घेतलं नाही, घेणारही नाही. आठवडाभर मुदत मिळाली.

९ फेब्रु., रवि.
घास बंद, नुसतं कोरडं. मामा माझ्याकडे असं बघतात, जणू मी उंदरांची सासू.

१३ फेब्रु., गुरु.
काल रंग पुन्हा टोचला. आज पोटं काळी ठिक्कर. दोघांच्या गाठी लख्ख, कडांसकट. मशिनरूममध्ये एकटीच रडले.
तिसऱ्यात काही नाही. गाठ आहे, बोटाला लागते. दिसत नाही.
सर खूश. तिसरा वगळ, दोघांवर पेपर लिहू, म्हणाले.

१४ फेब्रु.
सकाळीच जाऊन सरांना सांगून आले, तिसरा वगळणार नाही. हा रंग उद्या माणसाच्या ऑपरेशनला वापरायचा. डॉक्टर काळं बघून म्हणतील, काही उरलं नाही, टाके घाला. आणि आत उरलेलं असेल.
सर म्हणाले, "मग डिग्री विसर."
"विसरते," म्हटलं. बोलायला नको होतं बहुतेक. मागे मात्र घेणार नाही.
सोमवारी परत बोलावलंय. काय ठरवतील…
संध्याकाळी तिसऱ्याला पुन्हा चाचपलं. गाठ कालच्यापेक्षा मोठी लागली.